पातेल्यांच्या गावचा मास्तर

वेल्सच्या नैर्ऋत्य कोपऱ्यात, खाडीला लागून लॅनेली नावाचं गाव आहे. तिथल्या स्ट्रेडी पार्क या रग्बी मैदानावर उंच गोलखांबांच्या टोकांना पातेली बसवलेली असत. या गावाचं पोटच पत्र्यावर भरत आलं होतं. लोखंडाचा पातळ पत्रा, त्यावर कथलाचा मुलामा, मग त्याचे डबे आणि भांडी. एकोणिसाव्या शतकात हा धंदा इतका वाढला, की गावाला ‘टिनोपोलिस’ असं टोपणनाव पडलं. क्लबचं गाणंही एका छोट्या पातेल्याचंच, ‘सॉस्बन वाख’. चुलीवर पातेलं उकळतंय, मांजरानं पोराला बोचकारलंय, असला घरगुती मजकूर. पण हजारो लोक तो असा काही गातात, की पाहुण्या संघाला धडकी भरावी. गावाबाहेरचा ट्रॉस्ट्रेचा पत्र्याचा कारखाना हल्ली टाटा स्टीलच्या मालकीचा आहे. म्हणजे लॅनेलीच्या डब्यांचा हिशेब आता मुंबईत, टाटांच्या बॉम्बे हाउसपर्यंत येतो.

क्लब आपला जन्म १८७२ सालचा मानतो. गावच्या मानानं त्याचा पराक्रम मोठा. १९०८ साली दौऱ्यावर आलेल्या ऑस्ट्रेलियाला या संघानं हरवलं आणि ती फुशारकी लगेच पातेल्याच्या गाण्यात जाऊन बसली. पण न्यूझीलंडचे ऑल ब्लॅक्स काही हाती लागत नव्हते. १९६३ साली ते स्ट्रेडी पार्कवर २२-८ असे जिंकून गेले. शताब्दीच्या हंगामात ते पुन्हा येणार होते. तोवर क्लबला कार्विन जेम्स नावाचा प्रशिक्षक मिळाला होता.

कार्विन हा खाणकामगाराचा मुलगा. जन्म १९२९चा, ग्वेनड्रेथ खोऱ्यातल्या केव्हनेथिन या खेड्यातला. अ‍ॅबरिस्टविथच्या विद्यापीठात तो वेल्श भाषा आणि साहित्य शिकला, नौदलातल्या सक्तीच्या नोकरीत त्यानं रशियन शिकून घेतली आणि मग पेशा पत्करला तो मास्तरकीचा. आधी लँडोव्हरीच्या शाळेत, नंतर कार्मार्थनच्या ट्रिनिटी कॉलेजात. स्वतः तो चांगला आउटसाइड-हाफ होता. रग्बीत ही जागा फार मोलाची. चेंडू लाथाडायचा, हातोहात पुढच्या गड्याला द्यायचा की स्वतः घेऊन पळायचं, हे तिथला खेळाडू ठरवतो. पण त्याच काळात क्लिफ मॉर्गन नावाचा जादूगार त्या जागेवर ठाण मांडून होता, म्हणून कार्विनच्या वाट्याला वेल्सची लाल जर्सी १९५८ साली दोनदाच आली. बाकी वेळ तो कडेला बसून बघत राहिला. पुढे त्यानं जे काम केलं, त्याची उमेदवारी या बघण्यातच झाली असावी.

त्या वेळच्या रग्बीत पैसा नव्हता. नव्हता म्हणजे कायद्यानंच नव्हता; १९९५ सालच्या ऑगस्टपर्यंत रग्बी युनियन हौशी खेळ होता आणि जो पैसे घेऊन रग्बी लीग या व्यावसायिक प्रकाराकडे गेला, त्याला परतीची वाट बंद. त्यामुळे लॅनेलीच्या संघाची यादी म्हणजे गावच्या हजेरीपटाची नक्कलच वाटते. कर्णधार डेल्मे थॉमस वीज मंडळाचा लाइनमन होता, दिवसभर खांबांवर चढून तारा ओढायचा. सेंटरला खेळणारा रॉय बर्जियर्स शिक्षक. विंगेवरचा जे. जे. विल्यम्सही शिक्षकच, शिवाय १९७० साली एडिंबरोच्या राष्ट्रकुल स्पर्धेत वेल्ससाठी धावलेला. फिल बेनेट गावाला चिकटलेल्या फेलिनफोएलचा, पोलाद कारखान्याच्या भोंग्यावर वाढलेला. पाळी सुटली की लालबाग-परळच्या पटांगणात कबड्डीला उतरणारे गिरणी कामगार ज्यांनी पाहिले आहेत, त्यांना ही माणसं परकी वाटणार नाहीत.

अशा माणसांना शिकवायचं म्हणजे काय? पगार कापण्याची धमकी नाही, करार नाही. संध्याकाळी अंगमेहनत करून दमलेले गडी येणार, त्यांच्याकडून पुन्हा अंगमेहनत करून घ्यायची. त्या काळच्या बहुतेक क्लबांत प्रशिक्षण म्हणजे मैदानाला फेऱ्या आणि वर चार शिव्या. कार्विनचा आवाज चढत नसे. तो प्रश्न विचारायचा. अमुक ठिकाणी चेंडू आला तर तुला काय दिसतं? तू काय करशील? का? वर्गात कवितेची ओळ फळ्यावर लिहून मुलांना बोलतं करणारा मास्तर जसं करेल, तसंच ते होतं. उत्तर चुकलं तर तो दुरुस्त करत नसे, पुढचा प्रश्न विचारत असे. ज्या विषयात आपल्यापेक्षा दुसऱ्याला जास्त कळतं, तो विषय त्याच्या हवाली करायला त्याला कमीपणा वाटत नसे.

याचा मोठा पुरावा १९७१ सालचा. इंग्लंड, स्कॉटलंड, आयर्लंड आणि वेल्स या चारही देशांतले निवडक खेळाडू घेऊन तेव्हा ‘ब्रिटिश लायन्स’ म्हणून ओळखला जाणारा संघ अधूनमधून दूरच्या दौऱ्यांवर जातो. न्यूझीलंडमध्ये या संघानं कधीही मालिका जिंकलेली नव्हती. त्या दौऱ्यासाठी प्रशिक्षक नेमला गेला तो कार्विन, ज्यानं कधी आपल्या देशाच्या संघालाही शिकवलेलं नव्हतं! आदल्याच वर्षी प्लाइड कमरी या वेल्श राष्ट्रवादी पक्षातर्फे लॅनेलीतून संसदेची निवडणूक लढवून तो हरलेला, आणि निघाला होता ‘ब्रिटिश’ नाव लावणाऱ्या संघाला घेऊन. यातला विरोधाभास त्याला कळत नव्हता असं मानायचं कारण नाही.

दौऱ्यावर त्यानं स्क्रमची जबाबदारी रे मॅकलॉफ्लिन या आयरिश खेळाडूकडे सोपवली. स्क्रम म्हणजे दोन्ही संघांचे आठ-आठ दणकट गडी डोकी खुपसून एकमेकांना रेटतात तो प्रकार. वरून नुसती झोंबी दिसते, आत मात्र पायांच्या कोनांपर्यंत सगळं शास्त्र असतं. मॅकलॉफ्लिनला ते शास्त्र येत होतं, कार्विनला ते येत नाही हे माहीत होतं. बॅरी जॉन हा त्याच्याच केव्हनेथिन गावचा आउटसाइड-हाफ. त्याला सरावाचा कंटाळा, तर कार्विन त्याला मोकळं सोडायचा. पहिल्या कसोटीआधी कँटरबरी प्रांताविरुद्धच्या सामन्यात इतकी मारामारी झाली, की मॅकलॉफ्लिनचा अंगठा मोडला आणि सँडी कारमायकेल या स्कॉटिश खेळाडूच्या चेहऱ्याची हाडं मोडली. दोघांचाही दौरा संपला.

त्यांच्या जागी आलेल्यांतला इयन मॅकलॉक्लन तसा बुटका. २६ जून १९७१ रोजी ड्युनेडिनच्या कसोटीत न्यूझीलंडचा खेळाडू आपल्या रेषेजवळून चेंडू लांब मारायला गेला, तर मॅकलॉक्लननं धावत जाऊन ती लाथच अंगावर घेतली आणि उडालेला चेंडू रेषेपलीकडे जमिनीला टेकवला. बॅरी जॉननं उरलेला वेळ फर्गी मॅककॉर्मिक या न्यूझीलंडच्या फुलबॅकला या कोपऱ्यातून त्या कोपऱ्यात पळवण्यात घालवला. जिथे तो नाही तिथे नेमका चेंडू. त्या सामन्यानंतर मॅककॉर्मिक पुन्हा कधी न्यूझीलंडकडून खेळला नाही. निकाल लायन्स ९, न्यूझीलंड ३. चार कसोटींची ती मालिका लायन्सनी २-१ अशी जिंकली, एक बरोबरीत सुटली. न्यूझीलंडमध्ये लायन्सनी जिंकलेली ती आजवरची एकमेव मालिका आहे.

९-३ हा आकडा लक्षात ठेवावा.

परत आल्यावर कार्विनला राणीच्या सरकारनं ओबीई किताब देऊ केला. त्यानं नाकारला. आणि गावच्या संघाच्या तयारीला लागला. मेस्टेगहून चिको हॉपकिन्स, ब्रिजेंडहून जे. जे. विल्यम्स, पाँटिप्रिडहून टॉम डेव्हिड. पैशाचं आमिष दाखवायची सोय नसताना दुसऱ्या गावचे खेळाडू आणायचे, तर फक्त शब्दाचा आधार. टॉम हडसन या माजी ऑलिम्पिकपटूला शारीरिक तयारीसाठी बोलावलं. गावच्या क्लबला असा स्वतंत्र माणूस असणं ही तेव्हा चैनच होती. नॉर्मन गेल हा क्लबचा जुना हूकर, म्हणजे स्क्रमच्या पहिल्या रांगेत मधे खेळणारा; तोंडानं तिखट. पुढच्या फळीच्या गड्यांना तो घासून घ्यायचा. कार्विन बोलायचा हळू आणि गेल बोलायचा मोठ्यानं. ही जोडी त्यानं विचारपूर्वक जमवली असणार.

आता सामना. ३१ ऑक्टोबर १९७२, मंगळवार. मैदानात वीस हजारांवर माणसं. कपडे बदलायच्या खोलीत शेवटचं भाषण कार्विननं केलं नाही. तो बाजूला झाला आणि बोलायला डेल्मे थॉमसला उभं केलं. थॉमस तीनदा लायन्सबरोबर दौऱ्यावर गेलेला, पण वक्ता नव्हे. आजवर मिळालेले सगळे मान मी आजच्या विजयावरून ओवाळून टाकीन, अशा अर्थाचं काहीतरी तो आपल्या लोकांसमोर बोलला, आणि धिप्पाड गड्यांचे डोळे भरून आले. हेच बोल प्रशिक्षकाच्या तोंडून आले असते तर ते भाषण झालं असतं. लाइनमनच्या तोंडून आले म्हणून ते लागले.

खेळ सुरू होऊन काहीच मिनिटं झाली होती. लॅनेलीला लांबवर पेनल्टी मिळाली. फिल बेनेटनं मारलेला चेंडू आडव्या दांडीवर आपटून खेळात परत आला. न्यूझीलंडच्या लिंडसे कॉलिंगनं तो धरला आणि संकट टाळायला बाहेर मारायची तयारी केली. असा चेंडू दांडीला लागला की निम्मे खेळाडू हळहळत उभे राहतात. त्या अर्ध्या क्षणात बचाव करणाऱ्याला श्वास मिळतो. बर्जियर्स हळहळला नाही. लाथ बसायच्या आधीच तो धावत सुटला होता. कॉलिंगची लाथ त्यानं अंगावर झेलली, चेंडू उडून रेषेपलीकडे गेला आणि बर्जियर्सनं त्याच्यावर अंग टाकलं. ट्राय! चेंडू असा रेषेपलीकडे टेकवला की तो ट्राय; तेव्हा त्याचे चार गुण मिळत. बेनेटनं चेंडू खांबांमधून मारून वरचे दोन मिळवले, ६-०.

ड्युनेडिनला मॅकलॉक्लन, लॅनेलीला बर्जियर्स. दोन खंडांत, सोळा महिन्यांच्या अंतरानं, अगदी एकाच पद्धतीचे दोन ट्राय. एकदा झालं असतं तर नशीब म्हटलं असतं. दडपणाखाली सापडलेला माणूस लाथ मारायला क्षणभर उशीर करतो आणि त्या क्षणी तिथे कुणीतरी पोचायला हवं, हे कार्विनच्या शिकवणीत बसणारं होतं. पोचायचं कुणी, हे मात्र तो खेळाडूवर सोडत असे.

नंतरचा सामना देखणा नव्हता. न्यूझीलंडच्या जो कॅरमनं पेनल्टी मारून ६-३ केले. पुढे बराच वेळ लॅनेलीचे गडी फक्त अडवत राहिले: खांद्यानं, छातीनं, घोट्याला मिठी मारून. डेरेक क्विनेल आणि टॉम डेव्हिडसारखे धिप्पाड फॉरवर्ड समोरच्याला पाडायचे आणि उठून पुन्हा रांगेत उभे राहायचे. याच संघातला रे ग्रॅव्हेल तेव्हा एकवीस वर्षांचा होता. शेवटी शेवटी लांबवरून मिळालेली पेनल्टी लॅनेलीच्या अँडी हिलनं खांबांमधून घातली. ९-३.

शिट्टी वाजली तशी माणसं मैदानात घुसली. डेल्मे थॉमसला खांद्यावर घेतलं. त्या रात्री गावातल्या पबमधली बिअर संपली, हे लॅनेलीत आजही सांगतात आणि मॅक्स बॉइस या विनोदी गायकानं त्या दिवसावर रचलेलं ‘९-३’ गावाच्या तोंडी बसलं आहे. खेळाडूंना यातून दमडी मिळाली नाही. नियमानं मिळूच शकत नव्हती. त्या हंगामासह चार हंगामांत, १९७३ ते १९७६, वेल्सचा चषकही सलग याच क्लबनं जिंकला. या विजयाचं माप कळायला आणखी एक गोष्ट पुरे: त्याच डिसेंबरात न्यूझीलंडनं वेल्सच्या राष्ट्रीय संघाला कार्डिफमध्ये १९-१६ असं हरवलं, आणि १९५३ नंतर आजतागायत वेल्सला त्यांच्याविरुद्ध एकही विजय मिळालेला नाही. देशाला जे साधलं नाही ते पत्र्याच्या गावानं साधलं.

रे ग्रॅव्हेलबद्दल थोडं जास्त सांगायला हवं, कारण कार्विनची शिकवण कुठे मुरली ते त्याच्यात दिसतं. दाढीवाला, रुंद खांद्यांचा, समोरच्याला धडकून पाडणारा हा माणूस मनानं अतिशय धास्तावलेला असे. खाणकामगार वडिलांनी तो चौदा वर्षांचा असताना आयुष्य संपवलं होतं. सामन्याआधी त्याला ओकाऱ्या व्हायच्या. मग तो दाफिद इवान या गायकाची वेल्श गाणी मोठमोठ्यानं म्हणायचा आणि मी चांगला खेळतो ना, असं सोबत्यांना पुन्हापुन्हा विचारायचा. दुसऱ्या एखाद्या प्रशिक्षकानं त्याला मर्दानगीचे डोस पाजले असते. लॅनेलीनं त्याला गाऊ दिलं. तो वेल्सकडून तेवीस सामने खेळला, १९८० साली लायन्सबरोबर गेला, पुढे नट आणि वेल्श नभोवाणीवरचा लाडका आवाज झाला. २००७ साली मधुमेहापायी त्याचा पाय कापावा लागला आणि त्याच वर्षी ३१ ऑक्टोबरला, म्हणजे त्या सामन्याला बरोबर पस्तीस वर्षं झाली त्या तारखेला, तो गेला. त्याच्या अंत्यदर्शनाला हजारो माणसं जमली ती स्ट्रेडी पार्कवरच.

कार्विनच्या मऊपणाला आत कणा होता. जानेवारी १९७० मध्ये दक्षिण आफ्रिकेचा फक्त गोऱ्यांचा संघ स्ट्रेडी पार्कवर आला. वर्णभेदाला त्याचा विरोध होता, पण खेळायचं की नाही हे क्लबनं ठरवलं होतं. त्यानं आपल्या संघाची तयारी प्रामाणिकपणे करून घेतली, खेळाडूंना मैदानात पाठवलं आणि स्वतः सामना संपेपर्यंत कपडे बदलायच्या खोलीत बसून राहिला. लॅनेली १०-९ असा एका गुणानं हरला. खेळाडूंवर आपली भूमिका न लादता ती स्वतः निभवायची, ही तऱ्हा कुणाला अर्धवट वाटेल. निषेधाच्या फलकांपेक्षा ती अवघड होती, एवढं नक्की.

वेल्सच्या राष्ट्रीय संघाचा प्रशिक्षक मात्र तो कधीच झाला नाही. १९७४ साली त्याचं नाव पुढे आलं, तेव्हा त्यानं पत्र लिहून माघार घेतली. संघ निवडायचं काम पाच जणांची समिती करायची. कार्विनचं म्हणणं, शिकवणार मी तर निवडीत शेवटचा शब्द माझा असावा. रग्बी संघटनेला ते परवडणारं नव्हतं. ज्यानं न्यूझीलंडला दोन वेगवेगळ्या संघांकडून हरवून दाखवलं, त्याला स्वतःच्या देशानं बाहेर ठेवलं. यापुढे समितीच्या बाजूनं काही बोलण्यासारखं उरत नाही. मग तो इटलीत गेला, रोव्हिगो या गावच्या क्लबला १९७९ साली इटलीचं विजेतेपद मिळवून दिलं. वर्तमानपत्रात आणि बीबीसीवर रग्बीवर लिहीत-बोलत राहिला. सिगारेट सुटली नाही, त्वचेच्या इसबानं पिच्छा सोडला नाही. लग्न केलं नाही. १९८३ सालच्या जानेवारीत अ‍ॅमस्टरडॅमच्या एका हॉटेलात, एकटाच असताना तो वारला. त्रेपन्न वर्षांचा होता.

स्ट्रेडी पार्कही आता नाही. २००८ साली क्लब नव्या मैदानात गेला आणि जुन्या जागेवर घरं झाली. खेळ धंदेवाईक झाल्यावर जग बदललंच. १९९७ साली ऑल ब्लॅक्स पुन्हा लॅनेलीत आले आणि ८१-३ असे जिंकून गेले. आज कुणी लाइनमन त्यांना हरवील ही शक्यता नाही. यावर उसासे टाकण्यातही अर्थ नाही. खांबावरून उतरून, मोडक्या बोटांनी फुकट खेळणं ही काही त्या माणसांची चैन नव्हती.

कार्विनची पद्धत चालताना पाहायची असेल तर २७ जानेवारी १९७३चा सामना बघावा. त्याचं चित्रण सहज सापडतं. कार्डिफ आर्म्स पार्क, बार्बेरियन्स विरुद्ध ऑल ब्लॅक्स. बार्बेरियन्स हा निमंत्रितांचा संघ, त्याला कायमचा प्रशिक्षक नसतो. पण खेळाआधी चार शब्द बोलायला कार्विनला बोलावलं होतं. बिचकलेल्या फिल बेनेटला त्यानं एवढंच सुचवलं, की स्ट्रेडीवर खेळतोस तसा खेळ. सुरुवातीलाच न्यूझीलंडनं मारलेला उंच चेंडू बेनेटकडे स्वतःच्या गोलखांबांजवळ आला. पाठ मैदानाकडे, अंगावर धावून येणारे काळे डगले. पुस्तकाप्रमाणे तो बाहेर मारायला हवा होता. बेनेट वळला, एकाला चुकवलं, मग दुसऱ्याला, मग आणखी एकाला, आणि तिथून हातोहात निघालेला चेंडू मैदानाच्या दुसऱ्या टोकाला गॅरेथ एडवर्ड्सनं झेपावत टेकवला. रग्बीतला सर्वांत गाजलेला ट्राय म्हणून तो ओळखला जातो. बहुतेक लोक एडवर्ड्सची झेप बघतात. तुम्ही पाहाल तेव्हा नजर त्याच्या आधीच्या हातांवर ठेवा: सुरुवात करणारा बेनेट, पडता पडता एका हातानं चेंडू पुढच्याला देणारा टॉम डेव्हिड आणि तो खाली वाकून उचलणारा डेरेक क्विनेल, हे तिघेही लॅनेलीचे.